घासून आणलेली जीभ

"अजून बाहेर काढ. अजून. आऽऽ कर नीट, अनिका, उंदरासारखी नको!"

बाथरूमच्या पांढऱ्याफटक दिव्याखाली माझी लेक नीलांबरी तिच्या अकरा वर्षांच्या पोरीची जीभ घासत होती. हातात तांब्याची जिभली. ती मीच संगमनेरहून आणलेली, त्यामुळे गुन्ह्यात माझाही वाटा होता.

"अगं नीलू, जीभ आहे ती, पितळी समई नाही," मी दारातून म्हणालो.

"नाना, तुम्ही मध्ये बोलू नका. ती चिनी डॉक्टर सगळ्यात आधी जीभच बघते, देवयानीनं सांगितलंय. अशी पांढरी जीभ घेऊन जाऊ? म्हणेल, आई लक्ष देत नाही वाटतं."

अनिका तोंड उघडून उभी होती. तक्रार नाही, वळवळ नाही, उबळ आली तरी हात वर केला नाही. कुठलंही धडधाकट पोर अशा वेळी आईच्या बोटाला चावलं असतं. ही चावली नाही. त्यानंतर नीलूनं कपभर हळदीचं दूध पुढे केलं, "पोटात काहीतरी असू दे" म्हणून. तेही पोरीनं औषधासारखं संपवलं आणि गाडीत जाऊन बसली.

मी जगन्नाथ. उभी हयात संगमनेरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत काढली. गाडी डेपोतून निघाली नसली तरी "येतेच आहे" म्हणायचं, हे माझं काम, आणि ते मी इतकं मन लावून केलं की लोक रागवायचे विसरून गोष्टी ऐकत थांबायचे. नाशिकची गाडी एकदा एवढी उशिरा आली की तिकीट काढून बसलेला नवरदेव आपला पोरगा कडेवर घेऊनच चढला. आणि अकोले तालुक्याच्या डोंगरातला बिबट्या खिडकीशी येऊन राजूरची गाडी कधी आहे म्हणून विचारून गेला, हे तर मी डेपो मॅनेजरलाही शपथेवर सांगितलं होतं.

त्या बिबट्यावर अनिका जीव टाकायची. मी मागच्या खेपेला इथे अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरला आलो तेव्हा सोफ्यावर उलटी पडून ती प्रश्न विचारायची, त्याला हाफ तिकीट की फुल, शेपटी दारात अडकली का, शेजारी कोण बसलं. या खेपेला मी बिबट्याला थेट कंडक्टर करून टाकला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "दॅट्स फनी, नाना." हसली नाही. नुसतं सांगितलं. माझ्या गोष्टींना लोकांनी शिव्या दिल्यात, त्या मी पचवल्या. हे पचेना.

हळूहळू बाकीचंही दिसायला लागलं. पोहणं सोडलं. जेवताना भाताचा एकच घास ताटभर फिरवायची. सकाळी पोटात दुखायचं, दुपारी डोकं. मधूनच असा मोठा सुस्कारा टाकायची की वाटावं, चार पोरांची लग्नं डोक्यावर आहेत. सुट्टी लागायच्या आधी शाळेतल्या कौन्सेलरबाईंचा फोन आला, पोरीला कुणाला तरी दाखवा म्हणून. मग जून उजाडला. जूनमधलं चँडलर म्हणजे अंगणात पापड ठेवावा आणि आत जाऊन चिमटा आणेपर्यंत तो भाजून व्हावा. कुणाचं पोर बाहेर पडत नाही, त्यामुळे आमची दार लावून पडून राहते हे शेजाऱ्यांना वेगळं वाटलं नाही. मला वाटायचं. दिवसभर मी तिच्या दारावर काही ना काही निमित्तानं टकटक करायचो. चार्जर सापडत नाही. चष्मा बघितलास का? चष्मा नाकावर असायचा. पूर्वी ती त्यावरच खिदळली असती. आता आतून "नो, नाना" एवढं आलं की मला हायसं वाटायचं. पुढच्या टकटकीपर्यंत.

आता आमच्या जावईबापूंबद्दल, कारण ही गोष्ट खरं तर त्यांची आहे.

उल्हासराव चिपच्या कारखान्यात टेस्टिंगला आहेत. चिप तापवायच्या, गोठवायच्या, आणि टिकतात का बघायच्या. माणूस सरळ, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. माझ्या अगदी उलट. मी एका प्रश्नाला चार उत्तरं देणारा, आणि ते एका प्रश्नाला अर्धं. हे त्यांनी व्हिसाच्या मुलाखतीसाठी शिकून घेतलेलं. 'विचारलं तेवढंच सांगायचं.' पहिल्या मुलाखतीला ते कामाला आलं, दुसऱ्या वेळी आलं, आणि मग तो त्यांचा स्वभावच होऊन बसला. माझ्या टूरिस्ट व्हिसाच्या वेळी फोनवरून माझी उजळणी घ्यायचे. "नाना, तो विचारेल, कशाला जाताय? तुम्ही काय म्हणणार?" मी म्हणायचो, "त्याचं असं आहे साहेब..." की तिकडून आवाज, "नाही नाही नाना! 'टु सी माय डॉटर.' बस. पुढे तोंड बंद." मुलाखतीच्या दिवशी मी इतका कमी बोललो की त्या अधिकाऱ्यानं मला पाणी हवंय का म्हणून विचारलं.

अशीच उजळणी त्यांनी अनिकाची घेतली. एप्रिलमध्ये, मुलांच्या डॉक्टरकडे वर्षाच्या तपासणीला जाताना. मी मागच्या सीटवर होतो.

"हाऊ डू यू स्लीप?"

"आय स्लीप वेल."

"गुड. डू यू फील सॅड?"

"समटाइम्स..."

"समटाइम्स नाही, बेटा. 'नो.' नो म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही."

पोरगी हुशार. पास झाली.

जावयाला दोष द्यायला माझी जीभ शिवशिवते, पण त्यांची भीतीही खोटी नव्हती. ग्रीन कार्डची रांग सरकत सरकत त्यांच्यापाशी येऊन ठेपली होती, सगळ्यांची मेडिकल व्हायची होती. डिप्रेशन हा शब्द पोरीच्या कागदावर पडला तर फाइल अडकेल, असं त्यांना कुणीतरी ऑफिसात जेवताना सांगितलं होतं. खरं की खोटं, मला माहीत नाही. त्यांनाही नव्हतं. वकिलाला विचारलंही नव्हतं, कारण विचारल्याचीच कुठे नोंद झाली तर? म्हणून मग देवयानीनं, म्हणजे नीलूच्या मैत्रिणीनं, आपली अर्धशिशी बरी करणाऱ्या चिनी डॉक्टरचं नाव दिलं तेव्हा ते एकदम तयार झाले. "इन्शुरन्स नाही, क्लेम नाही, रेकॉर्ड नाही," ते म्हणाले. "आपल्या वैद्यासारखंच आहे ते."

शेजारच्या मेसा गावात डॉब्सन रोडवर, साबुदाण्याच्या गोळ्या घातलेल्या बोबा चहाचं दुकान आणि नखं रंगवायचं दुकान यांच्या मधोमध डॉक्टर लिनचा दवाखाना होता. बाई माझ्याच वयाच्या, बुटक्या, पायात कापडी बूट. इंग्रजी तोडून तोडून बोलायच्या, त्यामुळे मला एकूणएक शब्द समजला.

"टंग," त्या म्हणाल्या.

अनिकानं जीभ काढली. डॉक्टरनी दिवा जवळ आणला. मग आणखी जवळ. मग दिवा बंद करून नीलूकडे बघितलं.

"ही पिवळी कशानं?"

"हळदीचं दूध," नीलू म्हणाली.

"आणि वरचं सगळं कुठे गेलं?"

नीलूला आधी कळलं नाही. मग ती जरा अभिमानानं म्हणाली की आमच्यात रोज जीभ घासतात, आज तर चांगली दोनदा घासून आणली आहे.

डॉक्टर लिन हसल्या नाहीत. "मला जे बघायचं होतं," त्या सावकाश म्हणाल्या, "ते तुम्ही घरी धुऊन टाकलं."

 पाहुणे यायच्या आधी घर आवरतात तशी आम्ही पोरगी आवरून आणली होती.

मग त्यांनी तिची मनगटं उशीवर ठेवून तीन तीन बोटांनी नाडी बघितली. बराच वेळ. झोप कशी? "आय स्लीप वेल." भूक? "आय ईट वेल." मैत्रिणी? "आय हॅव फ्रेंड्स." गुळगुळीत, टकाटक. उल्हासराव मान डोलवत होते. डॉक्टरनी मध्येच माझ्याकडे वळून विचारलं, "ही सुस्कारे टाकते?" मी हो म्हणालो. जावयानं माझ्याकडे बघितलं. विचारलं तेवढंच सांगितलं होतं मी, काय करणार?

शेवटी त्या म्हणाल्या, आमच्या शास्त्रात माणसांच्या ठेवणी नऊ प्रकारच्या. कुणी थंड, कुणी गरम, कुणी ओलसर. ही अडकलेली. अंगातली ची, म्हणजे आपण प्राण म्हणतो तसलं काहीतरी, वाहत नाही, छातीशी गाठ मारून बसते. नाडी ताणलेल्या तारेसारखी लागते.

उल्हासराव खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे बॉडी टाइप? बॉर्न लाइक दॅट? सो नॉट अ डिसीज?"

"ही जमीन," डॉक्टर म्हणाल्या. "जमिनीत काय उगवलंय ते मी अजून बघितलं नाही. परत आणा. न घासता. पिवळं दूध नको. आणि पाठ केलेली उत्तरं पण नको."

गुलाबाच्या कळ्यांचा चहा करून प्यायला द्या म्हणून त्यांनी एक पुडी बांधली.

जावयानं डॉक्टरांच्या बोलण्यातलं 'ही जमीन' तेवढं घेतलं. गाडीत बसल्या बसल्या त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं ग्रीन कार्ड डिक्कीतच आहे. "बघ नीलू, मी म्हणत नव्हतो? प्रकृतीच तशी आहे. माझी आत्या नव्हती का, वातप्रकृती, कायम कोपऱ्यात. काही आजारबिजार नाही. शी इज जस्ट मेड दॅट वे."

"देवा," नीलू म्हणाली आणि रडायलाच लागली, सुटकेनं. मीही खुलून पुढे झुकलो आणि आत्याबाईंची एक थाप सुरू केली.

तेव्हा मला आरशात अनिका दिसली. ती बापाच्या मानेकडे बघत होती. नापास झाल्याचा निकाल ऐकावा तसा तिचा चेहरा होता. आत्याबाईंना मी अर्ध्यावरच सोडलं.

दुपारी ती आपण होऊन मागच्या पडवीत आली. बाहेर भट्टी पेटलेली, छताचा पंखा गरम हवा ढवळत होता. माझ्या शेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली.

"नाना, प्रकृती मीन्स फॉरेव्हर, राइट?"

"कोण म्हणतं?"

"बाबा म्हणाले ना. मेड दॅट वे. सो धिस इज मी. ऑल्वेज."

खिडकीतलं ते जुनं 'येतेच आहे' माझ्या ओठांवर आलं. त्याच्या मागोमाग बिबट्याही आला. मी त्याला घाईघाईनं पुढे केलं, म्हणालो, अगं त्या बिबट्याची प्रकृती माहितीये का, तो तर जन्माचा...

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. गार होता, त्या उन्हातही.

"नाना, इट्स ओके. यू डोन्ट हॅव टु मेक मी लाफ." मग तेवढ्याच शांतपणे, मराठीत, एकेक शब्द शोधत म्हणाली, "मी नसले ना, तर सगळे कमी दमतील. आई, बाबा. तुम्ही पण."

मी अमेरिकेतल्या वाळवंटात बसलो होतो आणि मला हुडहुडी भरली. मी काय बोललो ते मला आठवत नाही. तिचा हात घट्ट धरला एवढं खरं. "दुखतंय, नाना," ती म्हणाली तेव्हा सैल केला, पण सोडला नाही. तसाच तिला घेऊन आत गेलो, नीलूला हाक मारली, आणि पोरीला तिच्याजवळ बसवून जावयाला गॅरेजमध्ये नेलं.

तिथे मी काही रंगवलं नाही. तिचे शब्द होते तसे ठेवले.

उल्हासरावांनी गाडीच्या टपावर हात टेकला. "मुलं बोलतात, नाना. यूट्यूबवर ऐकतात आणि बोलतात."

"उल्हासराव, थापा मी मारतो. खरं बोलणं मला ओळखू येतं."

"तुम्हाला कळत नाहीये. हॉस्पिटलमध्ये नेलं की तिथे सगळं टाइप होतं. एकदा टाइप झालं की झालं. इतकी वर्षं आम्ही... मी एक सिग्नल तोडला नाहीये, नाना. एक!"

"मग आता काय करायचं?"

"ती डॉक्टर परत बोलावते आहे ना? तिच्याकडेच नेऊ. ती औषध देईल. प्रकृतीचं असतंच ना काहीतरी औषध."

बोलताना ते घरात जायच्या दाराकडे पाठ करून उभे राहिले. मला तोवर वाटायचं, हा माणूस फाइलला घाबरतो. त्या गॅरेजमध्ये कळलं, पोरीला बघायचीच त्याला भीती वाटते, आणि त्यापेक्षा फाइलला घाबरणं सोपं आहे.

नीलूनं डॉक्टर लिनना फोन लावला. दुसऱ्या दिवशी रविवार, दवाखाना बंद. तरी त्या म्हणाल्या, सकाळी या, मी उघडते. पोरीला एकटं ठेवू नका. त्या रात्री नीलू तिच्या खोलीत गादी टाकून झोपली, आणि मी म्हातारपणाच्या निमित्तानं पुन्हा पुन्हा पॅसेजमधून जात राहिलो.

सकाळी अनिका दात घासून बाहेर आली तेव्हा नीलू बाथरूमच्या दाराशी उभी होती. सवयीनं हात जिभलीकडे गेला. तिनं तो मागे घेतला, ओढणीत गुंडाळला आणि तसाच धरून ठेवला. मला नीलूची तेव्हा जेवढी दया आली तेवढी तिच्या लग्नातही आली नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर लिननी जीभ बघितली. या वेळी खूप वेळ. पांढरा जाड थर, कडांना दातांचे ठसे. त्यांनी दिवा मालवला आणि आईबापांना बाहेर बसायला सांगितलं. मीही उठलो.

"नाना कॅन स्टे," अनिका म्हणाली.

दार लागलं. डॉक्टर तिच्या समोर स्टुलावर बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"तुझ्या मनात मरायचे विचार येतात?"

असा सरळ.  हा प्रश्न विचारता येतो, हेच मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, विचारला की घडेल.

अनिकानं दाराकडे बघितलं. "आय स्लीप वेल," ती म्हणाली. "आय ईट—"

डॉक्टरनी हात वर केला. "ते उत्तर धुतलेलं आहे. आज जीभ न धुता आणलीस ना? तसंच दे."

पंख्याचा आवाज. शेजारच्या दुकानात कुणीतरी बर्फ फोडत होतं.

"येस," अनिका म्हणाली.

"कधीतरी?"

"मोस्ट डेज."

एवढं बोलून ती थांबली नाही. कुणीतरी बूच काढल्यासारखं यायला लागलं. पोहायला गेलं की पाण्याखालीच राहावंसं वाटतं, म्हणून पोहणं सोडलं. आईला सांगितलं तर आई रडेल. बाबांना सांगितलं तर कार्ड येणार नाही आणि सगळ्यांना परत जावं लागेल, इट विल बी बिकॉज ऑफ मी. हे सगळं तिनं रडू आवरत, बोटांवर मोजल्यासारखं सांगितलं आणि मग विचारलं, "पण माझा टाइपच असा आहे ना? सो यू कान्ट फिक्स इट."

डॉक्टर लिन जरा रागावल्याच. "अ‍ॅरिझोना कोरडं," त्या म्हणाल्या. "जन्मापासून कोरडं. तू आज सकाळी आंघोळ केलीस?"

"येस."

"पाणी कुठून आलं?"

"...कॅनाल?"

"कुणीतरी आणलं. लांबून. कोरडी जागा आहे म्हणून कुणी तहानेनं मरायचं नसतं. पाणी आणायचं असतं, एवढंच." तिच्या गुडघ्यावर हात आपटून त्या उठल्या. "मी तुझ्याएवढी होते तेव्हा मी पण अडकलेली. आता विचार माझ्या नवऱ्याला. तो म्हणेल, जरा अडकली असती तर बरं."

अनिका हसली नाही. पण तिनं त्यांच्याकडे मान वर करून बघितलं. कित्येक आठवड्यांत मी तिला कुणाकडे असं बघताना पाहिलं नव्हतं.

मग आईबाप आत आले आणि डॉक्टर लिननी त्यांना उभ्या उभ्या सांगितलं, मुलांच्या हॉस्पिटलमध्ये. इमर्जन्सीत. आत्ता. घरी न जाता.

नीलू मटकन खाली बसली. उल्हासराव उभेच राहिले.

"तुम्ही काही देणार नाही? हर्ब्ज? तुम्ही म्हणालात ना, कॉन्स्टिट्यूशन..."

"जमिनीचं काम माझं. ते नंतर, हळूहळू. आज जमिनीचा दिवस नाही. ही मुलगी मरायचा विचार करते, मिस्टर उल्हास. हे मला बरं करता येत नाही, आणि येतं म्हणून मी खोटं बोलणार नाही."

"पण रेकॉर्ड..." ते म्हणाले. शब्द तोंडातून निसटला आणि त्यांनाच ऐकू आला. "म्हणजे, एकदा तिथे नेलं की..."

 मग अनिका खुर्चीवरून उतरली आणि बापापाशी गेली. त्याची बाही धरली.

"बाबा, डोन्ट वरी. तिथे पण मी फाइन म्हणेन. आय नो ऑल द आन्सर्स."

मी आयुष्यात खूप माणसांना गाडी चुकताना बघितलंय. उल्हासरावांचा चेहरा तसा झाला. ते खाली वाकले, मग गुडघ्यांवर आले, आणि त्यांनी तिचे दोन्ही दंड धरले.  

"नको. नको बेटा. नाही म्हणायचं फाइन."

"मग काय म्हणू?"

"तू नको बोलूस. मी सांगतो."

हॉस्पिटलचा रस्ता धरला. हायवेच्या कडेला सग्वारो निवडुंग हात वर करून उभे होते, शरण आल्यासारखे. नीलूनं मागे पोरीला असं आवळून धरलं होतं की सीट बेल्ट कुणाचा ते कळत नव्हतं. उल्हासराव वेगाची मर्यादा पाळत गाडी चालवत होते. एक पिवळा सिग्नल लाल झाला आणि ते थांबले नाहीत. मी बघितलं. त्यांनी बघितलं की नाही, मला माहीत नाही.

आत गेल्यावर काचेची खिडकी होती, आणि खिडकीत एक जाडसर, दमलेली बाई. खिडकीत बसलेल्या माणसाचं मन मला कळतं, तिला लवकर आटपायचं होतं.

"व्हॉट ब्रिंग्ज यू इन टुडे?"

उल्हासरावांनी काउंटरची कड धरली. मला वाटलं, आता येईल एक शब्द, फार तर दोन. ते बोलायला लागले. मुलीचं नाव, वय. ती मरायचे विचार करते. मोस्ट डेज. पोहणं कधी सोडलं. जेवणात काय होतं. शाळेतून फोन आला होता तो. एप्रिलमध्ये डॉक्टरनी विचारलं होतं आणि तिनं खोटी उत्तरं दिली होती, आणि ती उत्तरं कुणी शिकवली. "आय टॉट हर. मी. आय टॉट हर टु से नो." बाई टाइप करत होती. ते थांबले नाहीत. पोटदुखी, सुस्कारे, हळदीचं दूध, चिनी डॉक्टर, जीभ, सगळं. आमच्या मागे रांग लागली, कुणी खाकरलं, ते बोलतच राहिले.

"सर," ती बाई मऊ आवाजात म्हणाली, "आय हॅव इनफ. यू डिड राइट. ब्रीद."

नर्स आली. आधी एकालाच सोबत येता येईल म्हणाली, तेव्हा नीलू गेली. अनिकाचे बूट आत चालत नव्हते, नाड्यांमुळे; तिथे अशा पोरांपाशी दोरीसारखं काही ठेवत नाहीत. तिथेच बाकावर बसून तिनं ते काढले. तिला हॉस्पिटलचे मोजे दिले, पिवळे, तळव्याला रबराच्या रेघा असलेले. त्या मोज्यांत पाय घसटत ती दुहेरी दारातून गेली. वळून बघितलं नाही, पण आईचा हात तिनं आपण होऊन धरलेला होता. दार आपोआप मिटलं. या बाजूनं त्याला कडी नव्हती, मूठ नव्हती.

नर्सनं बूट उल्हासरावांच्या हातात दिले, म्हणाली, गाडीत ठेवून या, वेळ लागेल.

ते गेले नाहीत. खुर्चीत बसले आणि बूट मांडीवर घेतले. देवळाबाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत एक जण मागे थांबतो ना, तसे. थोड्या वेळानं सिक्युरिटीचा माणूस येऊन म्हणाला, सर, तिकडे लॉकर आहेत.

"नो, थँक यू," ते म्हणाले. "शी विल नीड देम."

 मी शेजारी बसून राहिलो. त्यांनी एक बूट उचलला, उलटा करून त्यातला खडा झटकला. मग बोटांनी एकेका भोकातली नाडी ओढून सैल करायला लागले. आधी डावा. मग उजवा. पाय घालताना तिला जोर लावायला लागू नये, इतक्या सैल.